झोपेतील श्वास आणि निसटणारी हवा

बेंगळूर शहराची कीर्ती पुष्कळ काळ तेथील हवेमुळे होती. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेले हे नगर. येथला उन्हाळा फारसा भाजत नाही, हिवाळा फारसा बोचत नाही, आणि वर्षातील बहुतेक रात्री अंगावर हलकेसे पांघरूण ओढून घ्यावे इतका गारवा असतो. सरकारी नोकरीतून मोकळे झालेले गृहस्थ येथे घर बांधून राहत आणि या शहराला ‘निवृत्तांचे नंदनवन’ म्हणत. ते शांत नंदनवन आता उरलेले नाही. तरीही दोन दिवसांसाठी आलेला मुंबईचा पाहुणा सकाळी चहा घेताना ‘काय छान झोप लागली!’ असे आजही आवर्जून म्हणतो.

परंतु बाहेरची हवा कितीही सुखद असली, तरी ती घशातून पुढे गेली तरच तिचा उपयोग. झोपलेल्या माणसाच्या घशातच वाट बंद झाली, तर नंदनवनातली हवासुद्धा व्यर्थ होय. झोपेत श्वास अडण्याचा हा विकार ‘स्लीप ॲप्निया’ या नावाने ओळखला जातो. आपल्याकडे घोरणे ही थट्टेची बाब मानली जाते. घोरणाऱ्याला कुंभकर्ण म्हणून मोकळे होण्याची रीतच आहे. घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, अशी यामागची समजूत. वस्तुतः पुष्कळदा स्थिती नेमकी उलट असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जिभेचे मूळ व पडजिभेजवळचा मऊ टाळू मागे सरकतो. वाट अरुंद होते व तिच्यातून जाणारी हवा आवाज करू लागते. मग एकाएकी तो आवाज थांबतो. शेजारी झोपलेल्या माणसाला वाटते, चला, आता शांतता झाली. खरे पाहता त्या शांततेत श्वासच थांबलेला असतो. रक्तातील प्राणवायू उतरू लागतो, मेंदू घाबरून त्या देहाला क्षणभर जागा करतो, आणि एक मोठा आचका देऊन श्वास पुन्हा सुरू होतो. असा अडथळा दहा सेकंद वा अधिक टिकला, म्हणजे तो गणतीत धरतात. तासाला ३० किंवा त्याहून अधिक वेळा तो होऊ लागला, की विकार तीव्र समजला जातो. अशा माणसाने आठ तास अंथरुणात काढले, तरी त्याला आठ तासांची झोप मिळाली असे म्हणता येत नाही. दिवसा कचेरीत डुलकी येणे, गाडी चालविताना डोळा लागणे, रक्तदाब चढा राहणे, ही त्याची पुढची फळे होत.

हा विकार आपल्याकडे विरळा नाही. मुंबईचे डॉक्टर झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनी शहरातील मध्यमवयीन पुरुषांची पाहणी करून २००४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत शेकडा १९.५ पुरुषांत झोपेतील श्वासाचा बिघाड आढळला, आणि दिवसाच्या झोपाळूपणासह पूर्ण विकार शेकडा ७.५ जणांत दिसला. २०२२ च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा वैद्यांनी सांगितलेल्या कारणांत या विकाराचे नाव होते; अनेक घरांत ते नाव त्या दिवशी प्रथम उच्चारले गेले.

या विकारावरील प्रमुख उपाय म्हणजे ‘सीपॅप’ नावाचे लहानसे यंत्र. त्याचा जन्म सिडनीत झाला. ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८० साली तो प्रयोग केला आणि १९८१ साली पाच रुग्णांचा अनुभव ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात मांडला. त्याआधी तीव्र विकारावरचा खात्रीचा उपाय म्हणजे गळ्याला शस्त्राने छिद्र पाडून श्वासाला नवी वाट करून देणे! सलिव्हन यांची कल्पना साधी होती. घशाच्या भिंती आत कोसळतात, कारण त्यांना आतून आधार नाही. मग हवेचाच आधार का देऊ नये? नाकावाटे किंचित अधिक दाबाची हवा सतत सोडली, तर वाऱ्याने फुगलेल्या शिडासारखा घसा उघडा राहील. हा दाब फार मोठा नसतो. पाण्याच्या दहा सेंटिमीटर उंच स्तंभाइतका दाब म्हणजे आपल्याभोवतीच्या वातावरणाच्या दाबाचा सुमारे शंभरावा हिस्सा. यंत्राची मर्यादा सामान्यतः अशा ४ ते २० सेंटिमीटरांची असते. एवढ्याशा दाबाने रात्रीची गुदमर थांबते.

पण या सुंदर कल्पनेत आरंभापासूनच एक अडचण होती: दाब टिकवायचा, तर हवा निसटता कामा नये. आरंभीच्या दिवसांत रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन मुखवटा घडवीत आणि तो रोज रात्री सिलिकोनच्या लगद्याने चेहऱ्याला चिकटवीत. सकाळी तो सोलून काढावा लागे. पुढे मऊ कडांचे मुखवटे आले, यंत्रे लहान व मूक झाली. तथापि मूळचा प्रश्न तोच राहिला. माणसाचा चेहरा सपाट नाही, तो झोपेत स्थिर राहत नाही, आणि त्याला नाकाखेरीज तोंड नावाचे आणखी एक दार आहे.

मल्लेश्वरम् वा जयनगर भागातील एखाद्या मराठी कुटुंबाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. निद्रा-तपासणीची रात्र पार पडली आहे. घरचे वडीलधारे गृहस्थ यंत्र घेऊन आले आहेत. पहिल्या रात्री मुखवट्याच्या वरच्या कडेतून वारा डोळ्यांत शिरला. दुसऱ्या रात्री त्यांनी पट्टे करकचून आवळले. सकाळी नाकाच्या दांडीवर लाल वळ उठले. तिसऱ्या रात्री तोंड उघडून हवा फुर्र करीत बाहेर पडू लागली आणि घशाला अशी कोरड पडली, की पहाटे तीनदा पाणी प्यावे लागले. चौथ्या रात्री ते म्हणाले, ‘हे आपल्याच्याने होणार नाही’. आणि यंत्र कपाटावर गेले. यात अतिशयोक्ती मुळीच नाही. १९९३ साली अमेरिकेत यंत्राच्या छुप्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा बहुतेक रात्री निदान चार तास ते लावणारे रुग्ण निम्म्याहून कमी निघाले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत मिळून झालेल्या मोठ्या पाहणीत यंत्राचा सरासरी वापर रात्री ३.३ तासांचाच भरला. आणि हृदयविकाराचे झटके टाळण्याच्या बाबतीत त्या पाहणीला जो लाभ अपेक्षित होता, तो दिसला नाही. कपाटावरचे यंत्र कोणाचाही घसा उघडा ठेवू शकत नाही, हेच त्यावरून ध्यानात घ्यावे. हार मानण्यामागे कारणे पुष्कळ असतात. परंतु हवेची गळती हे त्यांतले असे कारण आहे, की ते बहुधा दूर करता येते. मात्र त्यासाठी गळती कोठून व का होते, हे आधी समजले पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुखवट्यातून हवा मुळीच बाहेर पडू नये, असे नाही. प्रत्येक मुखवट्याला बारीक छिद्रे मुद्दाम ठेवलेली असतात. उच्छ्वासातला कर्बवायू त्यांतूनच बाहेर जातो. दाबानुसार मिनिटाला सुमारे वीस ते चाळीस लिटर हवा या वाटेने जात असते, आणि ती गेलीच पाहिजे. कित्येक नवखे रुग्ण या छिद्रांवर बोट धरून पाहतात, कोणी तर चिकटपट्टी लावतात; तसे कदापि करू नये. चिंता करायची ती कडेतून वा तोंडातून होणाऱ्या अनाहूत गळतीची. थोड्याशा गळतीला यंत्र स्वतःच अधिक हवा सोडून पुरे पडते. पण ती वाढली, की दाब कोसळतो, त्याबरोबर घसाही मिटतो, आणि स्वयंचलित यंत्राचा हिशेबसुद्धा चुकू लागतो.

आता कडेची गळती पाहू. येथे माणसाची पहिली प्रवृत्ती पट्टे आवळण्याची असते, आणि तीच बहुधा चुकीची असते. मुखवट्याची मऊ कड ही दाबून बसविण्याची वस्तू नव्हे. आतल्या हवेने ती किंचित फुगते आणि चेहऱ्याच्या उंचसखल भागांशी जुळवून घेते. पट्टा फार आवळला, की ती चुरगळते, तिला घड्या पडतात, आणि त्या घड्यांतून हवा अधिकच निसटते. म्हणून मुखवटा आरशासमोर उभे राहून बसवू नये. ज्या कुशीवर झोपायचे त्या कुशीवर आडवे व्हावे, यंत्र नेहमीच्या दाबावर सुरू करावे, पट्टे सैल सोडावे, मुखवटा चेहऱ्यापासून हलकेच उचलून पुन्हा टेकवावा, आणि मग दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे, फक्त गळती थांबेल इतकेच ओढावे. आडवे पडल्यावर गालांचा आकार बदलतो. बसून जमविलेले मोजमाप तेथे लागू पडत नाही. वृद्ध माणसे रात्री कवळी काढून ठेवतात, त्यांच्या बाबतीत तर हा फरक मोठा असतो. त्यांनी मुखवट्याचे माप कवळी काढूनच घ्यावे.

बाकीची कारणे अगदी घरगुती आहेत. झोपताना चेहऱ्याला खोबरेल किंवा मलम चोळण्याची सवय पुष्कळांना असते. त्या तुकतुकीत त्वचेवरून कड घसरते. म्हणून रात्री तोंड धुऊन कोरडे करावे, आणि मुखवट्याची कड रोज सकाळी सौम्य साबणाने धुवावी. दाढीमिशीच्या केसांतून हवा वाट काढते. मिशीचा अभिमान सोडवत नसेल, तर नाकपुड्यांना खालून टेकणारा लहान मुखवटा पुष्कळदा सोयीचा पडतो. नळीचे ओझे मुखवट्याला एका बाजूस ओढते. ती उशाकडून, डोक्यावरून आणली तर कूस बदलताना ताण बसत नाही. जाड उशीत मुखवटा रुतून सरकतो. आणि कडेचे सिलिकोन कालांतराने लुळे पडते. काल नीट बसणारा मुखवटा आज गळू लागला, तर दोष चेहऱ्याचा नसून त्या जुन्या कडेचा असू शकतो.

तोंडाची गळती ही याहून गहन बाब आहे. नाकातून आत शिरलेली हवा घशाशी येते आणि खाली जाण्याऐवजी उघड्या तोंडातून बाहेर पळते. आपले नाक ही नुसती पोकळी नव्हे. श्वास आत घेताना ते हवेला ऊब व ओलावा देते आणि उच्छ्वास बाहेर जाताना त्यातला काही ओलावा परत घेते. हा देवाणघेवाणीचा व्यवहार आहे. तोंडातून गळती सुरू झाली, की नाकातून हवा फक्त एकाच दिशेने वाहू लागते. नाक देत राहते, त्याला परत काही मिळत नाही. ते कोरडे पडते, त्याच्या आतले अस्तर सुजते, वाट अरुंद होते. नाक चोंदले, की तोंड आणखी उघडते. तोंड उघडले, की नाक आणखी चोंदते. सिडनीच्याच संशोधकांनी १९९६ साली हे दुष्टचक्र प्रयोगाने दाखवून दिले; आणि आत जाणाऱ्या हवेला ऊब व ओलावा दिल्यास ते बऱ्याच अंशी मोडते, असेही त्यांना आढळले.

म्हणून तोंड मिटविण्याचा उपाय तोंडापासून नव्हे, तर नाकापासून सुरू करावा. बेंगळूरसारख्या शहरात तर याचे महत्त्व विशेष आहे. येथली हवा गार खरी; पण तिच्यात बांधकामाची धूळ आहे, वाहनांचा धूर आहे, फुलोऱ्याचे पराग आहेत. येथील बालरोगतज्ज्ञ एच. परमेश यांनी रुग्णालयात आलेल्या मुलांच्या पाहणीत दम्याचे प्रमाण १९७९ साली शेकडा ९ आणि १९९९ साली शेकडा २९.५ असल्याचे नोंदविले होते. ज्या हवेने मुलांची छाती भरून येते, त्या हवेत मोठ्यांचे नाक मोकळे राहील, अशी आशा का धरावी? नाकाचा पडदा वाकडा आहे काय, आतल्या मांसल घड्या सुजल्या आहेत काय, वावडे आहे काय, हे कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडून पाहून घ्यावे. मिठाच्या पाण्याने नाक धुणे उपयोगी पडते. आपल्या परंपरेतली जलनेती ती हीच. मात्र पाणी उकळून थंड केलेले असावे, नळाचे कच्चे पाणी नाकात घालू नये. चोंदलेले नाक तात्काळ मोकळे करणारे बाजारी थेंब दिवसच्या दिवस वापरल्यास उलटतात. औषध वैद्याच्या सल्ल्यानेच निवडावे.

दुसरा उपाय यंत्राला जोडलेल्या उबदार पाण्याच्या भांड्याचा. हवा त्यावरून वाहते आणि ओलावा घेऊन येते. त्यात ऊर्ध्वपातित पाणी घालावे; बेंगळूरमध्ये अनेक घरे विंधनविहिरीच्या जड पाण्यावर आहेत आणि त्या पाण्याचे पांढरे पुट भांड्यावर चढते. उरलेले पाणी सकाळी ओतून भांडे कोरडे करावे. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री मात्र एक गंमत होते: ओली उबदार हवा थंड नळीत शिरली, की दवासारखे थेंब जमतात आणि नळी गुळगुळ वाजू लागते. नळीला कापडाचे वेष्टन घालावे, ती पांघरुणाखालून घ्यावी आणि यंत्र बिछान्यापेक्षा खालच्या पातळीवर ठेवावे, म्हणजे ते पाणी मागे परतते.

नाक मोकळे असूनही तोंड उघडतेच, असेही घडते. कारण झोपेत जबडा सैल पडतो. येथे प्रथम दाब योग्य आहे काय, हे तपासावे. दाब अधिक असेल, तर तो हवा तोंडावाटे ढकलतो. कमी असेल, तर श्वास अडतो आणि अडलेला माणूस तोंड उघडून हवा शोधतो. उपचार नीट लागू पडल्यावर काहींचे तोंड आपोआप मिटू लागते. तरीही न मिटल्यास हनुवटीला आधार देणारा पट्टा लावून पाहता येतो. त्याचा गुण सर्वांनाच येतो असे नाही. त्यानंतरचा पर्याय नाक व तोंड दोन्ही झाकणाऱ्या मोठ्या मुखवट्याचा. तो काहींना अपरिहार्य असतो. पण त्याची कड लांब, म्हणून गळतीच्या जागाही अधिक. शिवाय त्याचे पट्टे खालचा जबडा मागे रेटू शकतात आणि मग घसा उघडण्यास दाबही अधिक लागतो. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनात म्हणूनच नाकावरच्या मुखवट्याला प्राधान्य सुचविले आहे.

अलीकडे तोंडावर चिकटपट्टी लावून झोपण्याचे खूळ पसरले आहे. त्याबाबत सावध राहणे बरे. नाक मध्येच चोंदले, वांती झाली, किंवा वळवाच्या पावसात रात्री वीज गेली आणि यंत्र बंद पडले, तर ती पट्टी जिवावर बेतू शकते. मोठ्या मुखवट्याला अशा प्रसंगी बाहेरची हवा आत घेणारी झडप असते. चिकटविलेल्या ओठांना ती नसते. वैद्याला विचारल्याशिवाय हा प्रयोग घरी करू नये.

या सर्वांत रुग्ण एकटा नसतो, हे विसरता येणार नाही. झोपलेल्या माणसाला आपले तोंड उघडे आहे की मिटलेले, हे कळत नाही. ते शेजारी जागणाऱ्याला कळते. सहधर्मचारिणीने सांगितलेले ‘पहाटे दोननंतर फुर्र आवाज येत होता’ हे वाक्य तज्ज्ञाला मोलाचे वाटते. आजची यंत्रे प्रत्येक रात्रीची गळती, दाब व अडलेले श्वास नोंदवून ठेवतात. ही नोंद घेऊन पहिल्या आठवड्यातच तपासणीला जावे, महिन्याने नव्हे. मुखवटा बदलून मिळेल काय, हे विकत घेतानाच विचारावे. कारण एका चेहऱ्याला साजणारा मुखवटा दुसऱ्याला साजेलच असे नाही, आणि पहिलाच मुखवटा न जमणे यात लाजण्यासारखे काही नाही. दिवसा वर्तमानपत्र वाचताना अर्धा तास तो लावून बसल्यास चेहऱ्याला त्याची ओळख होते.

चौथ्या रात्री ‘आपल्याच्याने होणार नाही’ असे म्हणणाऱ्या गृहस्थांना कोणीतरी एवढेच सांगावयास हवे होते, की हरले ते तुम्ही नव्हे. हरला तो सैल बसलेला वा फार आवळलेला मुखवटा, किंवा चोंदलेले नाक. ही हार कायमची नसते. ज्या घरांत असे यंत्र कपाटावर धूळ खात पडले असेल, त्यांनी ते खाली काढावे, कड नवी आणावी, नाकाची तपासणी करून घ्यावी, आणि पुन्हा एकदा आडवे होऊन, पट्टे सैल सोडून आरंभ करावा. घोरण्यामधली ती जीवघेणी शांतता जिने वर्षानुवर्षे ऐकली आहे, तिला नुसत्या संथ श्वासाचा आवाज किती गोड वाटतो, हे तिलाच विचारावे.